जे ठाऊक नाही ते कोड्यात सुटतं कसं?

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात पेपर चिपळूणहून येणाऱ्या एस.टी.नं येतो. गाडी वेळेवर असली तर साडेनऊ, पावसाळ्यात दुपारही होते. वाचनालयात सकाळी दोन तास मी बसते, म्हणून गठ्ठा सोडायचं काम माझं. बातम्यांची पानं हातोहात जातात. शब्दकोड्याचं पान मात्र कुणी उचलून नेत नाही. ते ओट्यावर मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून सोडवायचं, असा शिरस्ता पडला आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका, शाळेतल्या एक बाई, सुट्टीला आलेली कॉलेजची मुलं आणि डोळ्यांना कमी दिसतं म्हणून नुसतं ऐकून उत्तरं सांगणाऱ्या एक आजी, एवढी मंडळी असतात.

मध्यंतरी सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरत होता: रोज एक शब्दकोडं सोडवा, म्हातारपणी स्मृतिभ्रंश होणार नाही. बाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यावर काका म्हणाले, "स्मृतिभ्रंशाचं राहू दे. मला एक सांग गो, आपल्याला जे येतं तेच आपण घरात लिहितो. येत नाही ते घर रिकामं राहतं. मग ह्यात नवीन शिकलो कधी?"

प्रश्न बिनतोड होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पण तो डोक्यातून गेला नाही. स्मरणशक्तीवर झालेले प्रयोग वाचत गेले, आणि वाचलेलं ओट्यावरच्या कोड्यांशी ताडून पाहिलं. काकांना जे सांगितलं, तेच इथे सविस्तर मांडते.

एका घरात किती मावतं

छापील शब्दकोड्याचा जन्म 21 डिसेंबर 1913 चा. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकासाठी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं एक कोडं रचलं आणि त्याला 'वर्ड-क्रॉस' म्हटलं. काही आठवड्यांनी छपाईत शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हेच नाव रूढ झालं. आडवे शब्द, उभे शब्द, त्यांचे अर्थ सुचवणारी शोधसूत्रं आणि दोन शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोघांचं मिळून एकच घर, ही रचना आजही तीच आहे.

मराठीत आल्यावर मात्र एक मोठा बदल झाला. इंग्रजीत एका घरात 26 पैकी एक अक्षर बसतं. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर यांसह सबंध अक्षर बसतं. 'रत्नागिरी'ला चारच घरं लागतात: र, त्ना, गि, री. ढोबळ हिशेब करा. 34 व्यंजनं आणि बाराखडीची 12 रूपं धरली तरी 408 अक्षरं झाली, जोडाक्षरं वेगळीच. म्हणजे छेदणाऱ्या शब्दामुळे एक अक्षर हाती लागलं, तर मराठीत ते चारशेतलं एक असतं. शब्दाबद्दल ते फार मोठी खबर देतं. दुसरं अक्षर 'त्ना' आहे एवढं कळलं तर किती शब्द उरतात, मनाशी पाहा.

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपल्याला शब्द एक तर येतो किंवा येत नाही, असं ते धरून चालले होते. खरं तर या दोहोंच्या मधे मोठा प्रदेश आहे: कधीतरी कानावरून गेलेले, आरतीत म्हटलेले, पाटीवर वाचलेले, अर्थ नक्की न सांगता येणारे शब्द. नुसत्या अर्थावरून हे शब्द वर येत नाहीत. एखादं अक्षर हाताशी असलं की येतात.

उरग, खग आणि दुकानातले नग

एका सकाळचा प्रसंग सांगते. शोधसूत्र होतं 'साप', घरं तीन, आणि शेवटचं अक्षर उभ्या शब्दातून 'ग' आलेलं. सर्प नाही, नाग नाही. मुलं थांबली. काका म्हणाले, "पक्ष्याला खग म्हणतात. त्यातलं ग तेच का हे?" बाई म्हणाल्या, "तेच. ग म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश. आकाशातून जाणारा तो खग. खगोलशास्त्रातला ख हाच." मग आजींनी विचारलं, "आणि साप कशान् जातो?" पायानं नाही, पोटानं, छातीनं. छातीला ऊर म्हणतात, हे आजींना कुणी शिकवायला नको होतं, 'ऊर भरून आला' त्या रोज म्हणतात. उरग. घर भरलं.

आता बघा काय झालं. 'उरग' हा शब्द ओट्यावर बाईंशिवाय कुणालाच येत नव्हता, आणि बाईंनी तो सांगितलाही नव्हता. 'खग' एकाकडे होता, 'ऊर' दुसरीकडे होता, 'ग' कोड्यानं दिला होता. तिघांनी मिळून नवा शब्द झाला. त्याच झटक्यात मुलांनी विहग सोडवला, तुरग सोडवला. पुढे 'पर्वत, दोन अक्षरं' आलं तेव्हा न-ग, न जाणारा, हेही त्यांनीच शोधलं. तोवर नग म्हणजे दुकानातले नग एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे ही गोष्ट कलमानं समजावणं सोपं. हापूस कोयीतून लावून चालत नाही. रायवळ आंब्याच्या कोयीतून आलेलं कोवळं रोप घ्यायचं आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. खाली मूळ धरलेलं असतं म्हणून वरची काडी जगते. शब्दांचंही असंच असतं. यादी करून पाठ केलेला शब्द म्हणजे नुसती काडी, ती चार दिवसांत सुकते. 'उरग' टिकला तो 'ऊर'वर बांधला म्हणून.

पाण्याचं घराणंही असंच. ज म्हणजे जन्मलेला, द म्हणजे देणारा, धी म्हणजे धारण करणारा. जल घ्या, नीर घ्या, अंबू घ्या. जलज, नीरज, अंबुज म्हणजे कमळ. जलद, नीरद, अंबुद म्हणजे ढग. जलधी, नीरधी, अंबुधी म्हणजे समुद्र. तीन मुळं आणि तीन शेपट्या लक्षात ठेवल्या की नऊ शब्द मिळतात. 'जलद' आला तेव्हा काका अडले, कारण त्यांच्या लेखी जलद म्हणजे जलद गाडी. तो जलद फारसीतून आलेला, हा संस्कृतातला. दोन वेगळ्या गावांहून आलेले दोन शब्द मराठीत एकाच पाटीखाली उभे आहेत.

मीठ आणि मिठागर

घरात वेलांटीसकट अक्षर बसवायचं असल्यामुळे कोडं शुद्धलेखनही शिकवतं, आणि शाळेतल्यापेक्षा नीट शिकवतं असं माझं मत झालं आहे. 'मीठ' दीर्घ. 'मिरी'तलं मि ह्रस्व. हे दोन शब्द पहिल्या अक्षरावर एकमेकांना छेदूच शकत नाहीत. छेदतायत असं वाटलं की कुठेतरी चुकलंय हे घरच सांगतं.

नियम असा: मराठी शब्दाच्या शेवटच्या अक्षरात नुसता अ असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. मीठ, वीट, फूल, मूळ, ऊर. शब्द पुढे वाढला की तोच ह्रस्व होतो: मिठाचा, मिठागर, फुलाला, मुळाशी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष यांसारखे शब्द मात्र ह्रस्वच राहतात. 'उरग'मध्ये उ ह्रस्व आहे, तोही संस्कृत रूपातच आला म्हणून. काही कोडेकार ह्रस्व-दीर्घाची सूट घेतात. मला ते पटत नाही. त्या सुटीनं रचणाऱ्याचं काम हलकं होतं, पण सोडवणाऱ्याच्या हातून एक पक्की कसोटी जाते.

अडणं हेच काम

आता प्रश्नाचा गाभा. घर भरल्यावर शिकणं होतं असं आपल्याला वाटतं. प्रयोग सांगतात की त्याचा मोठा भाग घर रिकामं असताना होतो.

1978 मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी काही लोकांना शब्दांच्या जोड्या वाचायला दिल्या. दुसऱ्या काहींना जोडीतला एक शब्द दिला आणि दुसऱ्याचं फक्त पहिलं अक्षर दिलं, उरलेला त्यांनी स्वतः काढायचा. शब्द तेच, पण ज्यांनी स्वतः काढले त्यांच्या ते जास्त लक्षात राहिले. शब्दकोडं म्हणजे दुसरं काय? अर्थ दिलेला, एखादं अक्षर दिलेलं, बाकी तुमचं तुम्ही.

2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानं पाहिलं तर चारदा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. वाचणाऱ्यांना आपल्याला छान येतंय असा भरवसा मात्र जास्त होता. पुन्हा पुन्हा वाचल्यानं ओळख वाढते, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

याला शास्त्रात पुनःस्मरण म्हणतात. मी 'आठवून काढणं' म्हणते, कारण विहिरीतून पाणी काढण्याशी ते फार जुळतं. उपसा नसलेल्या विहिरीचं काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. शेवाळ धरतं, झरे बुजतात. रोज रहाट चालतो त्या विहिरीचे झरे मोकळे राहतात. आठवण काढल्यानं खर्च होत नाही. काढल्यानंच तिची वाट मोकळी होते.

शब्द अगदी ओठांवर येतो आणि बाहेर पडत नाही, ती अवस्था तर आणखी बोलकी. 1966 मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारले. त्यातला एक दर्यावर्दी लोकांच्या कामाचा होता: सूर्य, चंद्र, तारे क्षितिजापासून किती अंशांवर आहेत ते समुद्रावर मोजायचं साधन. उत्तर सेक्स्टंट. ज्यांच्या तो ओठांवर अडकला त्यांना शब्द येत नसतानाही पहिलं अक्षर बऱ्याचदा बरोबर सांगता आलं, उच्चारताना शब्दाचे किती तुकडे पडतात हेही. म्हणजे अडलेला माणूस रिकामा नसतो. शब्दाची कडा त्याच्या हाताला लागलेली असते. अशा वेळी छेदणाऱ्या शब्दातून एक अक्षर मिळणं म्हणजे दोरीचं टोक हातात येणं.

"पण मोबाईलवर उत्तर मिळतंच की"

मिळतं, आणि मी पाहू नका म्हणत नाही. कधी पाहता यावर सगळं आहे. शोधसूत्र वाचलं आणि लगेच उत्तर पाहिलं, तर ते चारदा वाचणाऱ्या गटासारखं झालं. आधी अडलात, चुकीचं का होईना काही सुचवलंत आणि मग पाहिलंत, तर ते उत्तर जास्त टिकतं. 2009 मध्ये नेट कॉर्नेल, मॅथ्यू हेज आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी नेमकं हेच तपासलं. उत्तर देण्याचा फसलेला प्रयत्नसुद्धा नंतर मिळालेलं उत्तर लक्षात ठेवायला मदत करतो, असं त्यांना दिसलं. अट एकच, खरं उत्तर नंतर कळलं पाहिजे.

म्हणून आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचा पेपर आला की आधी कालची उत्तरं वाचली जातात. हा दहा मिनिटांचा भाग मला कोड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. बरीच मंडळी कोडं सोडवतात आणि उत्तराचा चौकोन कधी पाहतच नाहीत. काकांची रिकामी घरं खरं तर त्या चौकोनात भरतात.

"तेच ते शब्द येतात"

येतात, आणि त्याला कारण आहे. कोडं रचणाऱ्याला असे शब्द हवे असतात जे सहज छेदता येतील. काना-मात्रा नसलेली अक्षरं सगळ्यात जास्त शब्दांत सापडतात, म्हणून कमल, नयन, रजत, अनल, तनय, नभ, शर यांची ये-जा सारखी चालू असते. 'त्स्ना' असलेली ज्योत्स्ना फार क्वचित येते, तिला छेदणार कोण?

पण ही पुनरावृत्ती वाया जात नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक शब्दखंड स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये छापला. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्यानं जातं आणि नंतर हळूहळू. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा मधे दिवस सोडून उजळणी केली तर कमी कष्टात जास्त टिकतं, हेही त्याला दिसलं. कोड्यात 'अनल' आज येतो, पंधरवड्यानं येतो, मग दोन महिन्यांनी येतो. निसटू लागल्यावर पुन्हा समोर येतो, आणि प्रत्येक वेळी तो आठवून काढावा लागतो. अनल म्हणजे अग्नी आणि अनिल म्हणजे वारा, हा गोंधळ माझा शाळेपासून होता. तो कोड्यातल्या एका वेलांटीनं कायमचा सुटला.

चुकीचंच शिकलो तर?

ही शंका बाईंची, आणि ती रास्त आहे. कोड्यात माहितीचे प्रश्नही असतात आणि लिहिणारा माणूसच असतो.

आमच्या किनाऱ्याचंच उदाहरण घ्या. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावरून लागला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शोधसूत्र आलं असतं तर डोळे मिटून 'विजयदुर्ग' लिहिलं असतं. वाचायला बसले तेव्हा वेगळंच निघालं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचं निरीक्षण केलं ते आंध्रातल्या गुंटूरहून. नॉर्मन लॉकयर त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून निरीक्षण केलं. सूर्यप्रकाशातल्या त्या अनोळखी पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमचं नाव आलं. लॉकयर विजयदुर्गावर आले हे खरं, पण ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोवर विल्यम रॅमसे यांनी 1895 मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढलंही होतं. दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली.

मला वाईट वाटलं, लपवत नाही. पण ही तारीख मी आता विसरणार नाही, आणि त्यालाही शास्त्र आहे. ब्रॅडी बटरफील्ड आणि जेनेट मेटकाफ यांनी 2001 मध्ये दाखवलं की ज्या चुकीबद्दल आपल्याला पक्की खात्री असते, ती सुधारली गेली की सुधारणा जास्त घट्ट बसते. धक्का बसतो, लक्ष तिकडे वळतं. म्हणून चुकण्याला घाबरून कोडं सोडू नये. घर भरलं म्हणजे माहिती खरी ठरली असं मात्र नाही. घर फक्त एवढंच सांगतं की अक्षरं जुळली.

त्या निरोपाचं काय?

शब्दकोडं सोडवलं तर स्मृतिभ्रंश होणार नाही, असं कुठल्याही अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. तरी हा दावा पूर्ण हवेतलाही नाही, म्हणून थोडं थांबून सांगते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1980 च्या दशकारंभी 75 ते 85 वयाच्या 488 लोकांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यांतल्या 101 जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की या 101 पैकी जे शब्दकोडी सोडवत त्यांच्या स्मरणशक्तीची वेगवान घसरण सरासरी अडीच वर्षं उशिरा सुरू झाली. आजार त्यांनाही झालाच, आणि एकदा घसरण लागल्यावर ती अधिक वेगानं झाली. यामागची एक कल्पना अशी की वाचन, कोडी, शिकणं यांतून मेंदूची एक गंगाजळी जमते आणि वाईट दिवसांत काही काळ ती पुरते.

इथे एक मोठी अडचण आहे. कोडी सोडवणारे लोक मुळात जास्त वाचणारे असले तर फायदा कोड्याचा की वाचनाचा, हे अशा अभ्यासातून सांगता येत नाही. 1999 मध्ये डेव्हिड हॅम्ब्रिक, टिमथी सॉल्टहाउस आणि एलिझाबेथ माइन्झ यांनी कोडी सोडवणाऱ्या लोकांची चाचणी घेतली. त्यांचा शब्दसंग्रह मोठा होता, पण वयाबरोबर तर्कशक्तीत होणारी घट त्यांच्यात कमी असल्याचा पुरावा मिळाला नाही.

2022 मधला प्रयोग जास्त नेटका. कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांतल्या डॉक्टरांनी विस्मरणाचा सौम्य त्रास सुरू झालेल्या 107 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकानं संगणकावर शब्दकोडी सोडवली, दुसऱ्यानं मेंदूसाठी म्हणून बनवलेले खेळ खेळले. 78 आठवड्यांनी कोडी सोडवणारा गट थोडा पुढे होता. उत्साह वाढवणारं आहे, पण माणसं 107 च होती आणि काहीच न करणारा तिसरा गट नव्हता.

तर आजींना मी सांगितलं ते असं. कोड्यानं शब्द वाढतील, चार माणसांत बसणं होईल, ते सोडू नका. किल्ली कुठे ठेवली हे आठवायला कोड्याचा उपयोग होईल अशी आशा धरू नका, सरावाचा फायदा बहुतेक ज्या गोष्टीचा सराव केला तिथेच होतो. आणि घरातलं कुणी ओळखीची वाट चुकू लागलं, पैशांचा हिशेब चुकू लागलं, तर 'कोडी सोडव' न सांगता डॉक्टरकडे न्या. तो निरोप पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबली तर नुकसान आपल्याच माणसाचं होतं.

खाजण कुठल्या कोड्यात येणार?

आता माझ्या मनातलं. इतक्या सकाळी कोडी सोडवल्यावर एक गोष्ट खुपायला लागली. मुलांना नीरज आणि अंबुज यायला लागले, पण खाजण म्हणजे काय हे त्यांतल्या दोघांनाच सांगता आलं. भरतीचं खारं पाणी चढतं ती खाडीकाठची जमीन रोज त्यांच्या शाळेच्या वाटेवर आहे. पेपरातलं कोडं अख्ख्या महाराष्ट्रासाठी असतं, त्यात खाजण, मांगर (शेतातली-बागेतली खोपी), आठळ (फणसाची बी) येणार नाहीत, आणि रचणाऱ्याचा त्यात दोष नाही. पण जो शब्द कुठेच विचारला जात नाही, त्याचा झरा बुजतो.

म्हणून आम्ही स्वतः कोडं रचायला बसलो. चार शब्दांचं साधलं. उभा 'वायंगण', पावसाळी पिकानंतर पाणथळीवर घेतलेलं भात. त्याच्या तिसऱ्या अक्षरावरून, 'ग'वरून, आडवा 'गडगा', जांभ्या दगडांचा रचलेला कुंपणाचा बांध. गडग्याच्या 'गा'वरून खाली 'गाभोळी', माशाची अंडी. आणि वायंगणाच्या 'ण'वर येऊन थांबणारा आडवा 'रापण', किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी मिळून ओढायचं जाळं. त्याआधी आम्ही 'ग'वरून मांगर आणि त्याच्या 'र'वरून रहाट घालून पाहिला होता. तेव्हा 'ण'शेजारी 'हा' येऊन बसला आणि सगळं मोडलं. दुपारचे दोन वाजले, पण कुणी उठलं नाही.

रचताना सोडवण्यापेक्षा जास्त शिकायला मिळालं. शोधसूत्र लिहायचं म्हणजे अर्थ नेमका ठरवावा लागतो. गडगा आणि कुंपण यांत फरक काय? रापणीत आणि पागात काय? पाग एकट्यानं फेकायचं, रापण गावानं ओढायची, हे आजींनी सांगितलं. फणसाच्या बीला आठळ लिहायचं की आठीळ, यावर दोन वाड्यांत एकमत होईना. शेवटी दोन्ही रूपं वहीत लिहून ठेवली. त्या वहीत आता पन्नासाच्या वर शब्द आहेत, आणि प्रत्येकासमोर कुणाच्या तोंडून आला त्या वाडीचं नाव.

काकांनी परवा स्वतः एक शोधसूत्र आणून दिलं. कोळीवाड्यात उतरणाऱ्या प्रवाशांच्या तोंडून तीस वर्षांपूर्वी ऐकलेला शब्द, तेव्हा त्यांनी अर्थ विचारला नव्हता, आता मुद्दाम जाऊन विचारला. पुढच्या कोड्यात ते पहिलं आहे: 'केसांत असतो, अष्टमीच्या समुद्रालाही असतो.' घरं दोन, दुसरं अक्षर 'ग'. फोन लगेच काढू नका. जवळपास कुणी तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, असेल तर त्याला उधाणाच्या उलट काय, एवढंच विचारा.